कळ थांबली म्हणजे खडा सुटला असे नव्हे

मूतखड्याची कळ उठलेला माणूस ओळखायला फारसा वेळ लागत नाही. अपेंडिक्सला सूज आलेला रुग्ण पोट जराही हलू नये म्हणून पाय पोटाशी घेऊन निपचित पडून राहतो. मूतखड्याचा रुग्ण मात्र उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, पुन्हा आडवा होतो. कोणत्याच कुशीवर त्याला आराम मिळत नाही. बरगडीखाली पाठीत सुरू झालेली कळ कुशीतून पुढे येत जांघेकडे उतरते, सोबत मळमळ, उलटी आणि दरदरून घाम. माणसाला होणाऱ्या सर्वांत तीव्र वेदनांमध्ये तिची गणना होते, आणि ती भोगणाऱ्यांची संख्याही लहान नाही. अनेक देशांत आयुष्यात कधी ना कधी दर दहा माणसांमागे सुमारे एकाला मूतखडा होतो, आणि एकदा होऊन गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत तो पुन्हा गाठतो.

अशा माणसाला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून आराम देता येतो का, आणि येत असेल तर तो कुणी, कुठे आणि उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर द्यावा, हा प्रश्न आता केवळ या पद्धतीचे समर्थक आणि विरोधक यांच्यातल्या वादापुरता राहिलेला नाही. गेल्या दहाबारा वर्षांत तुर्कस्तान, ट्युनिशिया आणि चीन या देशांत तातडीच्या रुग्णसेवेतच या प्रश्नाच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत. त्या वाचून माझे मत असे बनले आहे की या सुईला मूतखड्याच्या उपचारात एक छोटी पण खरी जागा असू शकते. मात्र ती जागा रुग्णालयाच्या आत आहे, निदानानंतर आहे आणि वेदनाशामक इंजेक्शनच्या जोडीला आहे. रुग्णालयाबाहेर, तपासणीच्या आधी किंवा इंजेक्शनऐवजी या सुया टोचणे हा निव्वळ धोका आहे, आणि तो धोका नेमका सुईच्या यशातूनच जन्माला येतो.

हे समजण्यासाठी ही कळ मुळात का उठते ते पाहावे लागते. खडा मूत्रपिंडात असतो तोवर तो बहुधा गप्प असतो. तो मूत्रवाहिनीत उतरून अडकला की वरून येणाऱ्या लघवीला वाट उरत नाही, मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीत दाब वाढतो आणि तिचे आवरण ताणले जाते. या ताणामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने स्रवतात, त्यांच्यामुळे मूत्रपिंडाकडे रक्ताचा ओघ वाढतो, लघवी आणखी तयार होते आणि दाब आणखी चढतो. शिवाय मूत्रवाहिनीचे स्नायू आकसतात ते वेगळेच. डायक्लोफिनॅकसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. म्हणजे ती मेंदूपर्यंत जाणारा वेदनेचा निरोप नुसता दाबत नाहीत, वेदना वाढवणारे चक्रही तोडतात. म्हणूनच या आजारात ती पहिल्या पसंतीची ठरली आहेत. 2016 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कतारमधील चाचणीत 1,644 रुग्णांची तुलना केली गेली. अर्ध्या तासात वेदना किमान निम्म्याने उतरलेल्यांचे प्रमाण डायक्लोफिनॅकच्या 75 मिलिग्रॅमच्या स्नायूतल्या इंजेक्शनने 68 टक्के, शिरेतून दिलेल्या पॅरासिटामॉलने 66 टक्के आणि मॉर्फिनने 61 टक्के इतके होते. स्वस्त, जुने, कोणत्याही परिचारिकेला देता येण्यासारखे इंजेक्शन मॉर्फिनपेक्षा सरस ठरावे, ही वैद्यकातली मोठी समाधानाची गोष्ट आहे. कोणत्याही नव्या उपायाला उभे राहायचे असेल तर त्याने याच इंजेक्शनच्या शेजारी उभे राहिले पाहिजे.

सुईच्या बाजूने सर्वाधिक ऐकू येणारा पुरावा मात्र या प्रकारचा नसतो. 'सुया लावल्या आणि पंधरा मिनिटांत कळ थांबली' असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. पण मूतखड्याच्या बाबतीत या अनुभवाला पुरावा म्हणून फार थोडे मोल आहे. ही कळ लाटांनी येते. ती चढते, शिखर गाठते आणि काहीच केले नाही तरी ओसरते, आणि काही वेळाने पुन्हा उसळते. माणूस उपाय शोधतो तो कळ शिखरावर असताना, त्यामुळे त्या क्षणी केलेला कोणताही उपाय, मग तो शेक असो, काढा असो की सुई, ओसरत्या लाटेचे श्रेय स्वतःकडे घेऊन जातो. शिवाय पाच मिलिमीटरहून लहान खड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश खडे आपोआप लघवीवाटे पडून जातात. तेव्हा एकेका रुग्णाच्या अनुभवावरून इथे काही सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही. समान तीव्रतेच्या वेदना असलेल्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली तुलना हाच इथे निर्णयाचा मार्ग आहे.

अशा तुलना काय सांगतात? तैवानमध्ये 1992 साली झालेल्या एका लहान चाचणीत सुईचा परिणाम तिथल्या प्रचलित इंजेक्शनपेक्षा लवकर दिसू लागला होता. 2015 साली तुर्कस्तानातील डॉक्टरांनी 121 रुग्णांमध्ये डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि ॲक्युपंक्चर यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या दहा मिनिटांत सुईने चांगला आराम दिला, पण दोन तासांनी पाहिले तेव्हा डायक्लोफिनॅक पुढे होते. 2018 च्या ट्युनिशियातील चाचणीत 115 रुग्णांपैकी काहींना सुया आणि काहींना टप्प्याटप्प्याने मॉर्फिन देण्यात आले. सुईच्या गटात वेदना लवकर उतरली आणि मळमळ, भोवळ यांसारखे दुष्परिणाम बरेच कमी दिसले. आणि 2022 साली बीजिंगमधील चाचणीत 80 रुग्णांना आधी सर्वांनाच डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देऊन मग निम्म्यांना खरे आणि निम्म्यांना लटके, म्हणजे दिसायला तसेच पण खरे नसलेले, ॲक्युपंक्चर करण्यात आले. दहा मिनिटांनी वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण खऱ्या सुईच्या गटात 77.5 टक्के आणि लटक्या सुईच्या गटात 10 टक्के होते. तासाभराने मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही.

या चारही निष्कर्षांत एक सूर समान आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सुईचा फायदा दिसतो तो सुरुवातीच्या काही मिनिटांत. स्नायूत दिलेले इंजेक्शन रक्तात मिसळून परिणाम दाखवू लागेपर्यंत पंधरा ते तीस मिनिटे जातात, आणि ही मिनिटे रुग्णासाठी किती लांब असतात हे ज्याने ती पाहिली आहेत त्याला वेगळे सांगायला नको. तेवढ्या फटीत सुई उपयोगी पडत असेल, तर तो उपयोग तुच्छ लेखण्यासारखा नाही. पण तासाभरानंतर औषध आपले काम करतेच, आणि सुईमुळे खडा लवकर पडतो किंवा मूत्रपिंडातला दाब उतरतो असे या चाचण्यांनी दाखवलेले नाही. सुईचे काम वेदनेच्या जाणिवेपुरते आहे. टोचण्यामुळे शरीरातली एंडॉर्फिनसारखी नैसर्गिक वेदनाशामके स्रवतात, याची चिन्हे गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून प्रयोगशाळांत दिसली आहेत. मज्जारज्जूच्या पातळीवर एक संवेदना दुसरीची वाट अडवू शकते, हा विचार तर 1965 पासून वेदनाशास्त्राचा भाग आहे. त्यासाठी पारंपरिक ॲक्युपंक्चरप्रमाणे शरीरात ऊर्जेच्या अदृश्य वाहिन्या मानण्याची गरज नाही, आणि त्या मानण्यावर ज्याचा विश्वास नाही अशा डॉक्टरने केवळ त्या कारणाने आकडे नाकारण्याचीही गरज नाही.

आकडे तपासण्याची गरज मात्र आहे. बीजिंगच्या चाचणीतला 77.5 विरुद्ध 10 हा फरक इतका मोठा आहे की त्यानेच वाचकाला सावध करावे. वैद्यकात एखाद्या पूरक उपायाचा परिणाम इतका ठसठशीत क्वचितच निघतो. चाचणी एकाच रुग्णालयातली, रुग्ण अवघे 80, आणि सुई लावणाऱ्याला आपण कोणत्या गटाच्या रुग्णासमोर उभे आहोत हे माहीत होते. डायक्लोफिनॅकची मात्राही 50 मिलिग्रॅमची होती. कतारमध्ये वापरलेल्या 75 मिलिग्रॅमपेक्षा ती कमी आहे. तुर्कस्तान आणि ट्युनिशियातल्या रुग्णांना तर आपल्याला सुया मिळाल्या की औषध हे उघडच दिसत होते. ट्युनिशियातली तुलना मॉर्फिनशी होती, म्हणजे या आजारातल्या पहिल्या पसंतीच्या औषधाशी नव्हतीच. आणि एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे: 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान इथून आलेल्या ॲक्युपंक्चरच्या सर्वच्या सर्व चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल असल्याचे आढळले होते. कोणताही उपाय शंभर टक्के वेळा यशस्वी ठरत असेल, तर अपयशी निकाल छापले जात नाहीत, अशी शंका घेणे भाग आहे. त्यानंतर संशोधनाची शिस्त सुधारली आहे, चाचण्यांची नोंदणी होऊ लागली आहे, पण ती शंका पुरती फिटण्यासाठी इतर देशांत, अनेक रुग्णालयांत मिळून, पुरेशी मात्रा देऊन हीच चाचणी पुन्हा व्हायला हवी.

लटकी सुई हा या सगळ्या वादाचा गाभा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. जर्मनीत 1998 साली अशी एक सुई तयार झाली की जिचे टोक बोथट असते आणि ती दाबली की पाते मुठीत सरकते. त्वचेवर लावलेल्या छोट्या कड्यातून आणि चिकटपट्टीतून ती टेकवली की रुग्णाला टोचल्यासारखे जाणवते, सुई आखूड होत गेलेली दिसते, पण ती आत शिरलेली नसते. अशा किंवा ॲक्युपंक्चरचे ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे टोचलेल्या सुयांशी तुलना केली की ॲक्युपंक्चरचे मोठे दावे पुष्कळदा आकसतात. जर्मनीतच 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जुनाट कंबरदुखीच्या चाचणीत 1,162 रुग्णांपैकी खऱ्या सुईने 47.6 टक्के, लटक्या सुईने 44.2 टक्के आणि नेहमीच्या उपचाराने 27.4 टक्के रुग्णांना फायदा झाला. म्हणजे सुया लावण्याच्या एकूण प्रक्रियेने, लक्ष दिले जाण्याने, अपेक्षेने बराच आराम दिला. नेमक्या बिंदूने फारसा फरक पडला नाही. मूतखड्याच्या कळीत अपेक्षेचा वाटा किती आणि सुईचा किती, हे आजच्या पुराव्यावरून वेगळे काढता येत नाही.

विरोधकांचा यावरचा निष्कर्ष असा की, जे लटक्या उपायाहून फारसे वेगळे ठरत नाही ते रुग्णालयात आणूच नये. हा युक्तिवाद मला जुनाट दुखण्यांच्या बाबतीत बराचसा पटतो, कारण तिथे महिनोन्महिने पैसा आणि आशा खर्ची पडते. तीव्र कळीच्या अर्ध्या तासाला तो तसाच्या तसा लागू करणे मला योग्य वाटत नाही. इंजेक्शन दिले गेले आहे, निदान झाले आहे, प्रशिक्षित माणूस हजर आहे आणि हाताच्या पाठीवरच्या एकदोन बिंदूंवर निर्जंतुक सुई लावायची आहे, अशा स्थितीत रुग्णाचे होणारे नुकसान नगण्य आणि संभाव्य लाभ बराच आहे. बीजिंगमध्ये हाताच्या पाठीवरचे बिंदू निवडले गेले, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. कळीने तळमळणाऱ्या माणसाला पालथे झोपवून त्याच्या पाठीत सुया ठेवणे अवघड तर असतेच, शिवाय शेवटच्या बरगड्यांजवळ खोल गेलेली सुई फुप्फुसाच्या आवरणाला भोक पाडू शकते. हलणाऱ्या रुग्णात हा धोका वाढतो. हात मात्र पुढे करता येतो, आणि माणूस बसून राहिला काय की उभा राहिला काय, सुईला अडचण होत नाही.

आता धोक्याकडे वळतो, कारण माझ्या मते सार्वजनिक चर्चेत त्याचीच सर्वाधिक उपेक्षा होते. कुशीत उठलेली प्रत्येक कळ मूतखड्याची नसते. साठीच्या पुढच्या माणसात पहिल्यांदाच अशी कळ उठली, तर पोटातली महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगून फुटण्याच्या बेतात असण्याची शक्यता आधी दूर करावी लागते. तिथे अर्धा तास म्हणजे जीव आहे. गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रीत गर्भ नळीत राहिल्याची शंका घ्यावी लागते. तरुण मुलात वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि सुमारे सहा तासांत तो सोडवला नाही तर वृषण वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. या सर्वांच्या वेदना सुईने काही काळ बोथट होऊ शकतात. चांगला वेदनाशामक परिणाम आणि चुकलेले निदान एकत्र आले की रुग्ण समाधानाने घरी जातो.

इथे कुणी असे विचारील की वेदनाशामक इंजेक्शनही कळ बोथट करते, मग सुईलाच वेगळा न्याय का? प्रश्न रास्त आहे. निदान होईपर्यंत रुग्णाला वेदनेत ठेवावे, असे आज कोणताही जबाबदार डॉक्टर म्हणत नाही; उलट वेदनेचा उपचार ताबडतोब सुरू करावा असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. फरक औषधात नाही, ते कुठे दिले जाते त्यात आहे. इंजेक्शन ज्या खोलीत दिले जाते तिथे नाडी, रक्तदाब आणि ताप पाहिला जातो, लघवी तपासली जाते, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन होतो, आणि आराम पडला तरी तपासणी पुढे चालू राहते. सुया मात्र बहुतेक ठिकाणी अशा खोलीत लावल्या जातात जिथे यातले काहीच नसते.

खडा आहे हे नक्की झाल्यावरही कळ थांबणे ही फसवी खूण असू शकते. मूत्रवाहिनी पूर्ण बंद राहिली, की काही काळाने मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आणि लघवीची निर्मिती कमी होते, दाब उतरतो आणि वेदनाही उतरते; खडा मात्र जिथल्या तिथे असतो. रुग्णाला वाटते तो पडून गेला. अडथळा असाच कित्येक आठवडे राहिला तर त्या मूत्रपिंडाची कार्यक्षमता कायमची घटते, आणि हे सारे निःशब्द घडते. याहून वाईट म्हणजे अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होणे. खड्याच्या कळीसोबत थंडी वाजून ताप आला, तर ती तातडीच्या हस्तक्षेपाची वेळ असते: प्रतिजैविके आणि त्याच वेळी मूत्रवाहिनीत नळी सरकवून किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून साचलेल्या लघवीला वाट करून देणे. हे काही तासांत झाले नाही तर संसर्ग रक्तात पसरून रुग्ण दगावू शकतो. एकच मूत्रपिंड असलेल्या माणसात तर ताप नसतानाही अडथळा ही आणीबाणीच असते. या कोणत्याही स्थितीवर सुईकडे उत्तर नाही, आणि खरे तर इंजेक्शनकडेही नाही.

मग सुईची गरज सर्वाधिक कुणाला आहे? ज्यांना डायक्लोफिनॅकसारखी औषधे देता येत नाहीत त्यांना. मूत्रपिंडे आधीच दुबळी असलेले, जठरात व्रण असलेले, हृदयविकाराचे, या औषधांची ॲलर्जी असलेले रुग्ण आणि गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या स्त्रिया हे सगळे यात येतात. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल आणि मॉर्फिन यांच्या पलीकडे फारसे काही उरत नाही, आणि जगाच्या मोठ्या भागात मॉर्फिन वेळेवर मिळतही नाही. असे असताना आजवरच्या बीजिंगमधल्या पुराव्यात सुई डायक्लोफिनॅकच्या जोडीला तपासली गेली, म्हणजे ज्यांना ते औषध चालते त्यांच्यावरच. ज्यांच्यासाठी तिचा खरा उपयोग होईल त्या रुग्णांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. पुढच्या चाचण्यांसाठी पैसा देणाऱ्या संस्थांनी हा गट आधी निवडावा, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते: पॅरासिटामॉलसोबत खरी सुई विरुद्ध पॅरासिटामॉलसोबत लटकी सुई, वेदना मोजणाऱ्याला गट माहीत नाही, आणि रुग्णाचा पाठपुरावा दोन तासांवर न थांबता खडा पडल्याची खात्री होईपर्यंत.

तोवर रुग्णालयांनी काय करावे याविषयी माझी अपेक्षा साधी आहे. तातडीच्या विभागात आलेल्या कळीच्या रुग्णाला पहिले इंजेक्शन किती मिनिटांत मिळते, हे आधी मोजावे. अनेकदा रुग्ण नोंदणी, रांग आणि स्कॅनची प्रतीक्षा यांतच तळमळत राहतो, आणि ही दिरंगाई दूर केल्याने जितका त्रास वाचेल तितका कोणत्याही नव्या उपायाने वाचणार नाही. ज्या रुग्णालयाकडे प्रशिक्षित ॲक्युपंक्चर करणारी व्यक्ती आहे, त्याने ती सेवा इंजेक्शननंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, रुग्णाला पुराव्याची मर्यादा स्पष्ट सांगून आणि त्याची संमती घेऊन द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांबाबत जपावे. ज्यांच्याकडे अशी व्यक्ती नाही त्यांनी ती नेमण्यासाठी धावपळ करावी, इतका पुरावा आज नाही.

आणि रुग्णालयाबाहेर स्वतंत्रपणे ॲक्युपंक्चर करणाऱ्यांना मी शत्रू मानत नाही. त्यांच्याकडे असा रुग्ण आला तर त्याला सुई लावण्याआधी तापाची चौकशी करावी, वय विचारावे, स्त्री असेल तर पाळी चुकली आहे का ते विचारावे, आणि उत्तरे काहीही आली तरी त्याला तपासणीसाठी रुग्णालयात पाठवावे. तिथे सोनोग्राफी होऊन खड्याचा आकार आणि जागा कळली, मूत्रपिंड किती फुगले आहे ते दिसले, की घरी जाताना रुग्णाच्या हातातल्या कागदावर दोन गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत: थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच परत यावे, आणि कळ पुन्हा उठो वा न उठो, खडा पडल्याची खात्री करण्यासाठी ठरलेल्या तारखेला तपासणीला यावे.